कराची ते जुहू : घड्याळाने मोजलेले अंतर

बोरीवलीच्या माणसाला चर्चगेट किती दूर असे विचारले, तर तो किलोमीटर सांगत नाही. जलद लोकलला लागणारा वेळ सांगतो. प्रवाशाच्या लेखी अंतर म्हणजे वेळ. हाच हिशेब जे. आर. डी. टाटा यांनी विमानवाहतुकीला आयुष्यभर लावला.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींना १९२९ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी आगाखान पारितोषिकासाठी ते कराचीहून इंग्लंडकडे एकटेच उडाले. उलट दिशेने अस्पी इंजिनिअर हा तरुण येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीला स्पार्क प्लगांची नड होती. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग देऊन टाकले. पारितोषिक अस्पीने काही तासांच्या फरकाने जिंकले!

त्या काळी लंडनचे टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीला येई आणि तेथून मुंबई-मद्रासकडे आगगाडीने जाई. हजारो मैलांवर वाचवलेला वेळ शेवटच्या टप्प्यात वाया जात असे. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने हे हेरून हवाई टपालाची योजना मांडली व जेआरडींनी ती उचलून धरली. सरकारी अनुदान मिळाले नाही, तरी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६.३५ वाजता जेआरडींचे ‘पस मॉथ’ कराचीहून निघाले.

कराची ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे साडेपाचशे मैल. अहमदाबादमार्गे ते सुमारे साडेसहाशे होते. तरीही हा वळसा घेणे भाग होते, कारण मध्ये इंधन भरावे लागे. विमानाचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. समोरून वीस मैलांचा वारा आला, की शंभर मैलांना तासाऐवजी सवा तास लागणार. रेडिओ नव्हता, होकायंत्र, घड्याळ आणि वाऱ्याचा अंदाज एवढ्यावरच सारी भिस्त. दुपारी १.५० वाजता विमान जुहूला उतरले. सव्वासात तास, तेही अहमदाबादचा थांबा धरून. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, तेव्हा मुंबईऐवजी पुण्याहून सेवा चाले. सह्याद्रीवरच्या ढगांतूनही वेळापत्रक सांभाळले गेले आणि सरकारी अहवालाने त्याची वाखाणणी केली. अनुदान नाकारणाऱ्या सरकारनेच ही प्रशंसा करावी, यात थोडी गंमत आहेच.

८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. ते मनाविरुद्ध होऊनही जेआरडी एअर-इंडियाचे अध्यक्ष राहिले. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना दूर केले. त्या निर्णयाचे समर्थन करणे कठीण आहे.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जुन्या ‘लेपर्ड मॉथ’मधून त्यांनी पुन्हा कराची-मुंबई उड्डाण केले आणि ते जुहूलाच उतरले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. जेट विमानाला हे अंतर कापण्यास जेमतेम दीड तास पुरे. परंतु गेली काही वर्षे या दोन शहरांत थेट विमानसेवाच नाही. मुंबईच्या प्रवाशाला कराची गाठायची तर आखाती देशाचा वळसा घ्यावा लागतो, आणि १९३२ च्या सव्वासात तासांत तो प्रवास पुरा होईलच, याचा भरवसा नाही.