विश्लेषण : बोरघाट पोखरणाऱ्या वालचंदांनी कुर्ल्यात अमेरिकन गाडीच का आणली?

खोपोली मागे पडली की जुना मुंबई-पुणे रस्ता चढू लागतो. शिंग्रोबाच्या देवळापाशी आजही अनेक चालक नाणे टाकून पुढे जातात. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या धनगराचे हे देऊळ, अशी आख्यायिका आहे. त्याच डोंगरातून कर्जत-लोणावळा रेल्वेचे बोगदे जातात. गेल्या शतकात या बोगद्यांचे काम करणाऱ्या ठेकेदारानेच पुढे कुर्ल्यात मोटारींचा कारखाना काढला. त्यांचे नाव वालचंद हिराचंद.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला गेला, तेव्हा तिच्या आठवणींचा पूर आला होता. मात्र प्रीमियरच्या कारखान्याची सुरुवात फियाटने झाली नव्हती. सुरुवात झाली ती प्लिमथ, डॉज आणि डिसोटो या सहा सिलिंडरच्या भारदस्त अमेरिकन गाड्यांनी. त्या गाड्या का निवडल्या गेल्या आणि विस्मरणात का गेल्या, हे समजून घ्यायचे तर आधी वालचंदांचे आयुष्य पाहावे लागते.

सोलापूरचा मुलगा ठेकेदार कसा झाला?

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, व्यापारी जैन कुटुंबात झाला. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या पेढीवर बसले, पण तिथे त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत ठेकेदारी सुरू केली. पहिले मोठे काम बार्शी लाइट रेल्वेचे. एका बाजूला रेल्वेच्या कागदपत्रांतली खाचखोच जाणणारा माणूस, दुसऱ्या बाजूला भांडवल उभे करणारा. ही जोडी जमली.

बोरघाटातले काम १९२० च्या दशकातले. घाटातला मूळ रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, तेव्हा चढ एका दमात पार होत नसे. मध्ये एका स्थानकावर गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने वर निघायची. नव्या आखणीत ही उलटापालट संपवायची होती आणि त्यासाठी कातळात नवे बोगदे हवे होते. चढ तरीही ३७ फुटांना १ फूट एवढा राहिलाच. कर्जतला गाडी थांबते आणि मागून ढकलणारी जादा इंजिने लागतात, ती या चढामुळेच. वडापाव घेता घेता आपण ज्याची वाट पाहत असतो ते हेच.

तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचे कामही वालचंदांच्या कंपनीने केले. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली.

मोटारींच्या आधी जहाजे आणि विमाने?

होय, आणि या दोन्ही प्रकरणांशिवाय मोटारीचे प्रकरण कळत नाही. १९१९ मध्ये वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिलला ते मुंबईहून निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना जेरीस आणले, तरी कंपनी टिकली.

१९३९ मध्ये अमेरिकेच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली, जी आज एचएएल म्हणून ओळखली जाते. १९४२ मध्ये युद्धाचे कारण देऊन सरकारने कारखान्याचा ताबा घेतला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. तिथे बांधलेले ‘जल-उषा’ पाण्यात उतरायला मार्च १९४८ उजाडला.

तिन्ही ठिकाणी अडचण सारखीच होती. जहाज असो, विमान असो की मोटार, परदेशी वस्तू इथे विकायला सरकारची हरकत नव्हती. इथे ती बनवायची म्हटले की परवाने अडत, यंत्रे मिळत नसत.

मग अमेरिकेचीच गाडी का?

मोटारीच्या कारखान्याची कल्पना वालचंदांनी एकट्याने काढलेली नव्हती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात त्यासाठी परदेश दौरे करून आले होते आणि वालचंद या प्रयत्नांत त्यांच्याबरोबर होते. मुंबईत तेव्हा अमेरिकन गाड्यांची जोडणी होतच होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला होता, फोर्डही होतीच. पण सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथे ते फक्त जोडले जायचे. वालचंदांना हवे होते ते पुढचे पाऊल : भाग हळूहळू इथेच घडवायचे.

फोर्डशी बोलणी फिसकटली. ब्रिटिश साम्राज्यातल्या बाजाराचे हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते, त्यामुळे अमेरिकेतली मूळ कंपनी थेट करार करायला तयार नव्हती. क्रायस्लर तयार झाली. पण युद्ध सुरू झाले होते आणि मोटार कारखाना हा युद्धासाठी उपयोगी उद्योग आहे, हे मानायला भारत सरकार राजी नव्हते. लष्कराला हजारो ट्रक लागत असतानाही. हा निर्णय कोणत्याही हिशेबात बसत नाही. ब्रिटिश कारखानदारांचा बाजार सांभाळण्याचा हिशेब धरला तरच बसतो.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंद तेव्हा ६४ वर्षांचे होते.

या गाड्यांच्या इंजिनात एवढे काय होते?

क्रायस्लर कंपनीत घराण्याची उतरंड होती. वर क्रायस्लर, खाली डिसोटो आणि डॉज, तळाला सर्वांत स्वस्त प्लिमथ. परदेशी बाजारासाठी कंपनी एक युक्ती करी. प्लिमथचाच सांगाडा घ्यायचा, पुढची जाळी आणि नाव बदलायचे. अशी डॉज ‘किंग्जवे’ झाली आणि डिसोटो ‘डिप्लोमॅट’. कुर्ल्यात या दोन्ही आणि प्लिमथ जोडल्या जात. म्हणजे आजोबांची डिसोटो आणि शेजाऱ्यांची डॉज यांतली कोणती भारी, हा वाद बऱ्याच वेळा एकाच गाडीबद्दल चाललेला असे.

आत ‘फ्लॅटहेड’ प्रकारचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन. प्लिमथचे सुमारे ३.६ लिटरचे. आजच्या आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांचे इंजिन १.२ लिटरच्या आसपास असते, त्याच्या तिप्पट. आणि ताकद किती? युद्धानंतरच्या मॉडेलात ९५ अश्वशक्ती. आकडा ऐकून हसू येईल, कारण आजचे १.२ लिटरचे इंजिनही त्याच्या जवळ पोहोचते.

फरक आहे तो टॉर्कमध्ये, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोरात. या इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरच्या रुंदीपेक्षा बराच जास्त अंतर वर-खाली करी. रुंदी ८३ मिलिमीटर, तर धाव १११ मिलिमीटर. अशा लांब धावेचे इंजिन जोरात फिरत नाही, पण हळू फिरतानाच पूर्ण जोर देते. मिनिटाला अवघ्या १,२०० फेऱ्यांना त्याचा टॉर्क शिखरावर असे. छोट्या इंजिनाला तोच जोर काढायला तीन-चार हजार फेऱ्या घ्याव्या लागतात.

आता ही गाडी खोपोलीच्या चढाला लावून पाहू. सहा माणसे आणि सामान धरून वजन १,९०० किलो माना. चढ १५ फुटांना १ फूट धरला, तर गाडीला मागे खेचणारे बळ सुमारे १२५ किलोचे होते. प्लिमथचे इंजिन टॉप गिअरमध्ये, ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, चाकांपाशी जवळपास त्याच्या दुप्पट ओढ देऊ शकते. रस्त्याचे घर्षण आणि हवा वजा केली तरी शिल्लक राहते. साधा चढ गिअर न बदलता पार होई, खालचा गिअर लागायचा तो तीव्र वळणांवर.

रचनाही साधी. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ठोकळ्यातच बसवलेले. वर लोखंडाचे सपाट झाकण. ते उघडले की सगळे समोर, त्यामुळे दुरुस्ती सोपी. दाब कमी असल्याने हलक्या प्रतीचे पेट्रोलही चाले. दोष होता तो उष्णतेचा. जळलेला वायू ठोकळ्यातूनच बाहेर पडत असल्याने थंड करणाऱ्या पाण्यावर जादा भार येई. घाटात बॉनेट उघडून, रेडिएटर निवण्याची वाट पाहत थांबलेली गाडी हे दृश्य त्या काळी नवे नव्हते.

कूपे गाड्यांचे काय झाले?

कुर्ल्याचा भर चार दारांच्या गाड्यांवर होता. कुटुंब, टॅक्सी, कंपनीचे साहेब, सगळ्यांची गरज तीच होती. अमेरिकेत मात्र याच घराण्याच्या दोन दारांच्या देखण्या कूपे गाड्या निघत. प्लिमथची ‘क्लब कूपे’ तर कुर्ल्याच्या गाडीची सख्खी बहीण, इंजिन तेच.

१९४९ मध्ये कॅडिलॅकने ‘कूप डी व्हिल’ आणली. दोन दारे, खिडक्यांच्या मध्ये खांब नाही, छत तरंगत असल्यासारखे. आलिशान कूपे म्हटले की आजही संग्राहकांच्या डोळ्यांपुढे तीच येते. क्रायस्लरने १९५१ मध्ये तिच्या तोडीचे इंजिन आणले, नाव ‘फायरपॉवर’. आठ सिलिंडर, आकार कॅडिलॅकएवढाच, ५.४ लिटर. पण ज्वलनकक्ष अर्धगोलाकार असल्याने मोठे व्हॉल्व्ह समोरासमोर बसवता आले आणि इंजिनाला श्वास मोकळा मिळाला. परिणाम असा, की १९४९ च्या कॅडिलॅकची ताकद १६० अश्वशक्ती, तर क्रायस्लरची १८०. इंजिनात सरस असलेली क्रायस्लरची कूपे तरीही मागे पडली, ती दिसण्यामुळे.

याला कारण होते कंपनीचे प्रमुख के. टी. केलर. डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. म्हणून क्रायस्लरच्या गाड्या उंच, सरळ, थोड्या पेटीसारख्या राहिल्या आणि बाजार बुटक्या, लांबलचक गाड्यांकडे वळला. अमेरिकेत हा हट्ट अंगाशी आला. मुंबईत मात्र उंच छत आणि रुंद आसन सोयीचे ठरले. हॅटच्या जागी फेटा नाहीतर टोपी, एवढाच फरक. एका टॅक्सीत अख्खे बिऱ्हाड मावे.

वालचंदांनी हे यश पाहिले का?

फार थोडे. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पत्नी कस्तुरबाई शेवटपर्यंत सोबत होत्या.

त्याच वर्षी मोटार धंद्याचा नकाशा बदलला. टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने धोरण ठरवले : ज्यांच्याकडे इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसती जोडणी करत राहू नये. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. वालचंद ज्या अटीसाठी दीड दशक भांडले, ती सरकारी धोरण झाली तेव्हा ते नव्हते.

मात्र ती अट मोठ्या इंजिनालाच महागात पडली. परकीय चलन तुटपुंजे, पेट्रोल आयातीचे, आणि देशी भागांतून घडवायला छोटी गाडी सोपी. प्रीमियरने वालचंदांच्या हयातीतच फियाटशी संधान बांधले होते. १९५४ पासून १,०८९ सीसीची फियाट ११०० पुढे आली आणि पुढची ४५ वर्षे तिच्याच वंशाने कारखाना चालवला. घाटात तिला गिअर बदलावे लागत, पण मुंबई-पुण्याचा पेट्रोलचा खर्च बराच कमी होई. मध्यमवर्गाने कौल दिला.

मोठ्या गाड्या काही वर्षे टॅक्सी म्हणून फिरत राहिल्या. पुढे अनेकांतले सहा सिलिंडरचे इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले गेले. डिसोटो हे नाव अमेरिकेत १९६० मध्ये बंद झाले, प्लिमथ २००१ मध्ये. मूळ इंजिनासह टिकून राहिलेल्या थोड्या गाड्या आता व्हिंटेज मेळाव्यांतच दिसतात, आणि तिथेही गर्दी कॅडिलॅकभोवती असते.

इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, कुर्ल्यात प्रीमियर रोड आहे. बोरघाटातल्या बोगद्यांवर नाव नाही. कर्जतला मागची इंजिने लागली की गाडी त्यांतूनच वर जाते.