धुरातल्या वायूपासून औषध करणारा कोल्बे

नायट्यावर लावायचे जुने व्हिटफील्ड मलम, पायाच्या कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी आणि हृदयविकाराच्या रुग्णाला रोज घ्यावी लागणारी ॲस्पिरिनची बारीक गोळी. या तिन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ आहे, सॅलिसिलिक ॲसिड. त्याच्या एका रेणूत कार्बनचे सात अणू असतात. कारखान्यात ते तयार करताना सहा अणू फेनॉलमधून येतात आणि सातवा येतो कार्बन डायऑक्साइडमधून. आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो आणि धुराड्यांतून आकाशात जातो, तोच हा वायू. तो पकडून त्यापासून इंधन, प्लास्टिक, रसायने करण्याच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. पण हेर्मान कोल्बे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही वाट दीडशे वर्षांपूर्वीच चालून दाखवली होती.

कोल्बेचा जन्म २७ सप्टेंबर १८१८ रोजी गॉटिंगनजवळच्या एका खेड्यात झाला. वडील पाद्री. पंधरा भावंडांत हा थोरला. गॉटिंगनला त्याला गुरू मिळाले ते फ्रीडरिश व्होलर. लघवीत सापडणारा युरिया व्होलर यांनी १८२८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केला होता. सजीवांच्या शरीरात तयार होणारे पदार्थ माणसाच्या हातून होणारच नाहीत, त्यासाठी काही वेगळी जीवनशक्ती लागते, ही समजूत त्यामुळे हलली. मोडली मात्र नव्हती. शिष्याने पुढचा घाव घातला. कोळसा आणि गंधक यांपासून मिळणाऱ्या पदार्थावर क्लोरीन आणि पाणी यांच्या साह्याने एकामागून एक क्रिया करत १८४५ मध्ये कोल्बेने ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल, मिळवले. साध्या कोळशापासून निघून व्हिनेगरपर्यंत पोहोचता येते, हे त्याने पायरी पायरीने सिद्ध केले.

त्यानंतर दोनेक वर्षे लंडनला, मग ब्राउनश्वाइगला एका रसायनकोशाचे संपादन आणि १८५१ मध्ये मारबुर्गला प्राध्यापकी. तिथे असताना १८६० मध्ये त्याने एक विचार मांडला. वनस्पती कार्बन डायऑक्साइडपासूनच आपला देह घडवतात. तेव्हा रसायनशास्त्रानेही सेंद्रिय पदार्थांकडे याच वायूची लेकरे म्हणून पाहावे. वायूतला एखादा अणू काढा, त्या जागी दुसरा गट बसवा, की अल्कोहोल, आम्ले वगैरे एकेक घराणे तयार होते. या हिशेबावरून त्याने तोवर कुणी न पाहिलेल्या प्रकारची अल्कोहोले असली पाहिजेत असे भाकीत केले, आणि ती थोड्याच काळात सापडलीही.

कागदावर हे सोपे. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून झालेली राख. कोळसा जळताना द्यायची तेवढी ऊर्जा देऊन बसलेला. त्याला पुन्हा कामाला जुंपायचे तर जोडीला ऊर्जेने भरलेला, उतावळा गडी हवा. कोल्बेने सोडियम निवडला. फेनॉलमध्ये सोडियम धातू विरघळवत त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला, तेव्हा सॅलिसिलिक ॲसिड तयार झाले. हे १८६० चे. पुढच्या वर्षी रुडॉल्फ श्मिट या सहकाऱ्याबरोबर त्याने दमट कार्बन डायऑक्साइडमध्ये पोटॅशियम ठेवून फॉर्मिक ॲसिड मिळवले. मुंगी चावल्यावर जे झोंबते ते हेच आम्ल. आज विजेच्या साह्याने कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मिक ॲसिड करण्यावर अनेक प्रयोगशाळा झटत आहेत.

सोडियम महाग, हाती येणारा पदार्थ थोडा. म्हणून बारा-तेरा वर्षे ही गोष्ट नियतकालिकाच्या पानांतच राहिली. कोल्बे पुन्हा तिच्याकडे वळला तो एका वैद्यकीय कारणामुळे. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेच्या जखमांवर फेनॉल, म्हणजे कार्बोलिक ॲसिड, वापरून जखमा चिघळणे कमी करून दाखवले होते. पण फेनॉल त्वचा भाजून काढते आणि पोटात गेले तर विषच. सॅलिसिलिक ॲसिड खूप तापवले की फुटून त्यातून फेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड निघतात, हे कोल्बेला माहीत होते. शरीरातही तसेच हळूहळू होत असेल, तर हे सौम्य जंतुनाशक ठरेल, असा त्याचा तर्क.

लायप्झिगच्या आपल्या मोठ्या प्रयोगशाळेत त्याने कृती सुधारली. धातूऐवजी कॉस्टिक सोडा वापरून फेनॉलचा क्षार करायचा, तो अगदी कोरडा करायचा आणि १८० अंशांच्या वर तापवत त्यावरून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. कोरडेपणा महत्त्वाचा, ओल राहिली की उत्पादन घटते. अर्धे फेनॉल उडून परत येई, पण उरलेल्या अर्ध्याचे सॅलिसिलिक ॲसिड होई. फ्रीडरिश फॉन हायडेन याने १८७४ मध्ये ड्रेस्डेनजवळ या कृतीवर कारखाना काढला. विलोच्या सालीपासून किंवा विंटरग्रीनच्या तेलापासून काढलेल्या ॲसिडपेक्षा हा माल कितीतरी स्वस्त पडला.

लायप्झिगचे शल्यविशारद कार्ल थियर्श यांनी ते जखमांवर वापरले. कोल्बेने स्वतः पोटात घेऊन पाहिले. दूध, बिअर, मांस टिकवण्यासाठीही त्याने त्याचा जोरात पुरस्कार केला. इथे त्याचा उत्साह जरा जास्तच झाला, आणि खाद्यपदार्थांत ते घालायला पुढे अनेक देशांनी मनाई केली.

मुळात त्याचा तर्कच चुकीचा होता. शरीरात या ॲसिडपासून फेनॉल सुटत नाही. डॉक्टरांनी जंतुनाशक म्हणून ते तापाच्या रुग्णांना दिले तेव्हा टायफॉइडचा ताप उतरे, टायफॉइड मात्र जागच्या जागी. पण १८७६ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांना सांधे सुजवणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापात विलक्षण अनुभव आला. हात लावू न देणारे सांधे एक-दोन दिवसांत मोकळे होऊ लागले. स्कॉटलंडमध्ये डॉ. मॅक्लॅगन यांना विलोच्या सालीतल्या सॅलिसिनने त्याच वर्षी हेच दिसले. हृदयाच्या झडपांची हानी या औषधाने टळत नाही, हे नंतर कळले. तरी ऱ्हुमॅटिक तापातल्या सांध्यांसाठी ॲस्पिरिन आपल्याकडेही आजवर वापरतात. (साध्या तापात मात्र मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.)

सॅलिसिलिक ॲसिडने पोटात आग होई, कानांत गुणगुण सुरू होई. यावरचा तोडगा बायर कंपनीतल्या फेलिक्स हॉफमन यांच्या हाती १८९७ मध्ये आला. त्यांनी सॅलिसिलिक ॲसिडला ॲसिटिक ॲसिडमधला एक गट जोडला आणि ॲस्पिरिन शुद्ध रूपात मिळवले. कोल्बेने तरुणपणी एक आम्ल घडवले होते आणि पन्नाशीनंतर दुसरे कारखान्यापर्यंत नेले होते. ॲस्पिरिनमध्ये त्या दोघांची सोयरीक झाली. ती पाहायला तो नव्हता.

त्याची शेवटची वर्षे भांडणात गेली. रेणूंची रचना चित्राने दाखवता येते, हे त्याला कधीच पटले नाही. केक्युले यांच्यावर तो तुटून पडला. फ्रेंच आणि ज्यू शास्त्रज्ञांविषयी त्याने जे लिहिले ते विज्ञानाला शोभणारे नव्हते. कार्बनचे चार हात अवकाशात चार दिशांना पसरलेले असतात, असे तरुण व्हान्ट हॉफ यांनी १८७४ मध्ये सांगितले. पशुवैद्यकीय शाळेतल्या या शिक्षकाची कोल्बेने १८७७ मध्ये आपल्याच नियतकालिकातून जाहीर टर उडवली. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल १९०१ मध्ये मिळाले ते व्हान्ट हॉफ यांनाच. सॅलिसिलिक ॲसिडमध्ये कार्बन डायऑक्साइडचा गट नेमका कुठे जाऊन बसतो, हे सांगायला आज प्रत्येक विद्यार्थी कोल्बेला नको असलेलेच चित्र काढतो.

२५ नोव्हेंबर १८८४ रोजी लायप्झिगला हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्याच सुमारास श्मिट यांनी बंद भांड्यात, दाबाखाली ही क्रिया करून वाया जाणारे अर्धे फेनॉलही कामी आणले. कृतीला आज दोघांची नावे आहेत. फेनॉलच्या जागी त्याचा एक भाईबंद घेतला, की याच रीतीने पास हे क्षयरोगावरचे औषध मिळते. मद्रासला १९५६ पासून झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात घरी राहून उपचार घेणाऱ्या क्षयरुग्णांना आयसोनियाझिडबरोबर पासच दिले होते. सॅनेटोरियमइतकाच गुण घरीही येतो हे त्यातून ठरले.

हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी करायला या औषधांचा उपयोग शून्यवत. जगाचा धूर वर्षाला अब्जावधी टनांत मोजला जातो. शिवाय गोळीतला कार्बन लघवीवाटे बाहेर पडून जिवाणूंच्या हाती लागतो आणि कालांतराने परत हवेत जातो. रसायन उद्योगात हा वायू सर्वांत जास्त खपतो तो युरिया खतासाठी, व्होलर यांच्या त्याच युरियासाठी. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही अमोनियाला कार्बन डायऑक्साइड जोडूनच युरिया होतो. शेतात पडला की काही दिवसांत त्यातलाही वायू सुटतो.