आकाश मराठीत सांगणारे मास्तर

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात आम्ही मंगळवेढ्याला गच्चीवर झोपतो. परवा नातीने विचारलं, मघाशी डोक्यावर होती ती चांदणी खाली कशी गं गेली? लहानपणी मी हेच विचारलं, तेव्हा गप्प झोप म्हणून दटावलं होतं. या खेपेला मात्र मला शंकर बाळकृष्ण दीक्षित आठवले.

१८५३ साली दापोलीजवळच्या मुरूडला जन्मलेले हे शाळामास्तर. आपल्या बार्शीतही त्यांनी शिकवलं. विद्यापीठाची पदवी नव्हती. नोकरी सांभाळून जुने ग्रंथ, पंचांगं धुंडाळली. सामान्य वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' लिहिलं. १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ आला, तोही मराठीत. पुढे विद्वानांसाठी त्याचं इंग्रजी भाषांतर करावं लागलं! १८९८ मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी दीक्षित गेले.

मग मी नातीला सांगितलं, एसटीतून झाडं मागे पळताना दिसतात ना, तसंच हे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून तारे पश्चिमेला सरकताना दिसतात. ध्रुव तेवढा जात्याच्या खुंट्यासारखा जागेवर. उत्तरेला हात लांब करून एकावर एक दोन मुठी धर, साधारण तिथेच सापडेल. शिवाय प्रत्येक तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो, महिन्याने दोन तास! पृथ्वी सूर्याभोवतीही फिरते ना, म्हणून.

तिला ध्रुव सापडला. आणि माझा प्रश्नही इतक्या वर्षांनी सुटला. तुमच्याही घरी कुणी विचारलं, तर गप्प झोप म्हणू नका हं.