करकायद्याचे भाष्यकार नानी पालखीवाला

नानी अर्देशीर पालखीवाला यांचा जन्म १६ जानेवारी १९२० रोजी मुंबईत एका सामान्य पारशी कुटुंबात झाला. बालपणी ते बोलताना अडखळत. पुढे ज्यांच्या वाणीने न्यायालये भारावली, त्यांना ती वाणी जिद्दीने मिळवावी लागली. इंग्रजीत एम. ए. झाल्यावर प्राध्यापक होण्याची त्यांची मनीषा होती. मुंबई विद्यापीठातील जागा हुकली, म्हणून ते कायद्याकडे वळले.

१९४४ साली ते सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये दाखल झाले. तिसाव्या वर्षी, १९५० मध्ये, दोघांच्या नावाने प्राप्तिकर कायद्यावरील भाष्यग्रंथ निघाला आणि ज्येष्ठ गुरूंनी त्याचे श्रेय मोकळेपणाने शिष्यास दिले. परभणीच्या मोंढ्यातील आडत्याला आणि मुंबईच्या गिरणीमालकाला कायदा एकच. त्यातील क्लिष्ट कलमांचा उलगडा या ग्रंथाने केला.

हुकलेले अध्यापन मात्र सुटले नाही. शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी शिकविले. १९५८ पासून ते अर्थसंकल्पावर जाहीर व्याख्याने देऊ लागले. हॉटेलातील छोट्या सभागृहातून ती ब्रेबॉर्न स्टेडियमवर गेली. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. एवढ्या करभाराने प्रामाणिक करदाताच भरडला जातो, हे ते आकड्यांनिशी, हाती टिपण न घेता समजावीत. याच काळात केशवानंद भारती खटल्यात राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीसाठीही ते लढले.

११ डिसेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले. वकिलीत मिळविलेल्या धनातून चेन्नईच्या शंकर नेत्रालयास त्यांनी मोठे दान दिले होते.