ताशी २०० किलोमीटरचं वाफेचं इंजिन कोणी बनवलं? नायजेल ग्रेस्ली यांची गोष्ट

यूट्यूबवर रेल्वेचे व्हिडिओ बघत असाल, तर एक निळं इंजिन तुमच्यासमोर कधी ना कधी आलं असेल. तोंड पाचरीसारखं उतरतं, चाकं माणसाच्या उंचीपेक्षा मोठी. नंबर ६०००७. १९३७ मध्ये बनलेलं हे वाफेचं इंजिन आजही इंग्लंडच्या मुख्य मार्गावर, इलेक्ट्रिक आणि डिझेल गाड्यांच्या मधून वाट काढत, सहलीच्या गाड्या ओढतं. यॉर्कशरमधल्या व्हिटबी आणि स्कारबरो या समुद्रकाठच्या गावांनाही ते गेलेलं आहे.

इंजिनाच्या कडेला नावाची पाटी आहे: सर नायजेल ग्रेस्ली. ज्या माणसाने हे इंजिन बनवलं, त्याचंच नाव त्याच्या डोळ्यांदेखत इंजिनाला दिलं गेलं. हा माणूस कोण होता, त्याने नेमकं काय केलं आणि त्याच्या डिझाइनमध्ये कोणती चूक राहून गेली, ते आज बघू.

पाद्र्याचा मुलगा कारखान्यात

ग्रेस्ली यांचा जन्म १९ जून १८७६ चा, एडिंबरोतला. घर मात्र इंग्लंडमधल्या नेदरसील गावात. वडील तिथे चर्चचे पाद्री. चांगल्या शाळेत शिकलेला हा मुलगा पुढे कॉलेजची वाट धरेल असं कुणालाही वाटलं असतं. पण १८९३ मध्ये, सतराव्या वर्षी, तो क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करायला गेला. तेलात हात काळे करूनच त्याने इंजिन शिकून घेतलं.

१९०५ मध्ये ते ग्रेट नॉर्दर्न रेल्वेत आले, पण इंजिनांकडे नाही, डब्यांच्या खात्याचे प्रमुख म्हणून. याच कंपनीने १९०८ मध्ये स्केगनेस या समुद्रकाठच्या गावाच्या सहलीची जाहिरात केली. किनाऱ्यावर आनंदाने उड्या मारणाऱ्या जाड्या कोळ्याचं ते पोस्टर आजही प्रसिद्ध आहे. लंडनहून जाण्या-येण्याचं भाडं होतं ३ शिलिंग. म्हणजे ग्रेस्ली इंजिनं बनवू लागण्याआधीच त्यांच्या खात्याचे डबे लोकांना समुद्रावर नेत होते.

१९११ मध्ये डॉनकॅस्टरच्या कारखान्यात इंजिनांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९२३ मध्ये बऱ्याच कंपन्या एकत्र होऊन लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे बनली आणि ग्रेस्ली तिचे मुख्य मेकॅनिकल इंजिनिअर झाले. फ्लाइंग स्कॉट्समन हे इंजिन त्याच वर्षी बाहेर पडलं.

तीन सिलिंडर कशाला?

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये जाते, पिस्टनला ढकलते आणि पिस्टन दांड्याने चाक फिरवतो. साध्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात, दोन्ही बाजूंना एकेक. जास्त ताकद हवी तर सिलिंडर मोठे करावे लागतात. पण ब्रिटनमधले बोगदे आणि प्लॅटफॉर्म अरुंद. इंजिन किती रुंद करणार?

ग्रेस्लींनी तिसरा सिलिंडर मध्ये, दोन चाकांच्या आत बसवला. ताकद वाढली आणि ओढही एकसारखी झाली. पण नवा प्रश्न आला. प्रत्येक सिलिंडरला वाफ कधी सोडायची आणि कधी बंद करायची, हे ठरवणारी दांड्यांची यंत्रणा लागते. मधल्या सिलिंडरची यंत्रणा आत अडचणीत बसवली तर तेल द्यायला माणसाला रांगत जावं लागणार.

त्यांचा उपाय हुशार होता. बाहेरच्या दोन यंत्रणांची हालचाल लिव्हरने जोडायची आणि त्या बेरजेतून मधल्या सिलिंडरची हालचाल आपोआप मिळवायची. दोनाच्या कामात तिसऱ्याचं काम! ही जुळणी सोपी करायला हॅरॉल्ड होलक्रॉफ्ट या इंजिनिअरची मदत झाली. होलक्रॉफ्ट यांचं शिक्षण ग्रेट वेस्टर्न रेल्वेत झालेलं. हे नाव लक्षात ठेवा, कारण ही प्रतिस्पर्धी कंपनी या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

या लिव्हरमध्ये एक दुखणंही होतं. सांधे थोडे झिजले की बाहेरच्या छोट्या चुका मधल्या सिलिंडरपर्यंत पोचताना वाढत जायच्या. वेग वाढला की मधला सिलिंडर वाजवीपेक्षा जास्त काम करू लागायचा.

१९२५ ची हार

१९२४ मध्ये लंडनजवळ वेंबली इथे मोठं प्रदर्शन भरलं. तिथे फ्लाइंग स्कॉट्समनच्या शेजारी ग्रेट वेस्टर्नचं कॅसल जातीचं इंजिन उभं होतं. आकाराने लहान, पण कंपनीचा दावा असा की ब्रिटनमधलं सर्वांत ताकदवान प्रवासी इंजिन हेच. मग पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्यांनी एकमेकांच्या मार्गावर आपली इंजिनं पळवून बघितली.

ग्रेस्लींची इंजिनं हरली. पेंडेनिस कॅसल नावाच्या पाहुण्या इंजिनाने त्यांच्याच मार्गावर, त्यांच्याच गाड्या कमी कोळशात ओढून दाखवल्या. वर ग्रेट वेस्टर्नने या निकालाचा गाजावाजाही केला.

फरक कुठे होता? एक, बॉयलरचा दाब. कॅसलचा २२५ पौंड, ग्रेस्लींचा १८०. आणि दोन, वाफेच्या झडपेची धाव. लोकलचं दार अर्धंच उघडलं तर काय होतं? लोक आत-बाहेर करताना चेंगरतात. झडप थोडीच सरकली तर वाफेचं तेच होतं. झडप लांब सरकली की वाट मोठी होते. थोडी वाफ पटकन आत सोडता येते, तिला पूर्ण फुगू देता येतं आणि काम झालेली वाफ अडखळत बसत नाही. कोळसा वाचतो तो इथे.

बर्ट स्पेन्सर या ग्रेस्लींच्या सहायकाने झडपांचा हा बदल सुचवला होता. साहेबांना तो लगेच पटला नाही. पण एका इंजिनावर करून बघितला, कोळशाचे आकडे समोर आले आणि ग्रेस्लींनी मत बदललं. पुढे त्यांच्या मोठ्या इंजिनांना लांब धावेच्या झडपा बसल्या. नव्या इंजिनांचा दाब २२० पौंड झाला. मला ग्रेस्लींच्या आयुष्यातला हा भाग विक्रमांपेक्षा मोठा वाटतो. सगळ्यांसमोर हरल्यावर त्यांनी जिंकणाऱ्याची पद्धत उचलली.

न थांबता ६३२ किलोमीटर

कोळसा वाचला म्हणून पुढचं पाऊल टाकता आलं. १ मे १९२८ पासून लंडन ते एडिंबरो गाडी मध्ये कुठेही न थांबता जाऊ लागली. पाणी रुळांमधल्या लांब हौदातून पळता पळता उचललं जायचं. पण ड्रायव्हर आणि फायरमन आठ तास कसे टिकणार? ग्रेस्लींनी कोळशाच्या टेंडरमधूनच एक अरुंद बोळ काढला. अर्ध्या वाटेत ताजी जोडी डब्यातून त्या बोळातून इंजिनात यायची आणि दमलेली जोडी मागे जाऊन बसायची.

१९३५ मध्ये त्यांची उतरत्या तोंडाची ए-४ इंजिनं आली. हवेला कापणारा आकार, २५० पौंड दाब. कारच्या टायरमध्ये साधारण ३२ पौंड हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. २७ सप्टेंबर १९३५ ला पहिल्या ए-४ ने पाहुणे बसलेले असताना ताशी १८० किलोमीटर गाठले. तीन दिवसांनी न्यूकॅसल ते लंडन ही ४३१ किलोमीटरची गाडी चार तासांत धावू लागली.

मग ३ जुलै १९३८. मॅलार्ड नावाचं ए-४, ड्रायव्हर जो डडिंग्टन, फायरमन टॉमी ब्रे, मागे सात डबे. त्यातला एक वेग मोजणारा. स्टोक बँकच्या उतारावर आकडा गेला ताशी १२६ मैलांवर, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर. त्या वेगाला दोन मीटर व्यासाचं चाक सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा फिरतं. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही कायम आहे. १२६ हा आकडा क्षणभरच दिसला होता, म्हणून स्वतः ग्रेस्ली १२५ वरच थांबले. इंजिनावरची १२६ ची पाटी ते गेल्यानंतर लागली.

आणि त्या दिवशी बिघडलं काय? मधल्या सिलिंडरच्या दांड्याचं बेअरिंग. ते तापून खराब झालं आणि मॅलार्ड स्वतः गाडी घेऊन लंडनला पोचू शकलं नाही.

ते गेल्यावर

१९३६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. पुढच्या वर्षी त्यांच्या पॅसिफिक प्रकारच्या शंभराव्या इंजिनाला त्यांचं नाव देण्यात आलं. तेच आजचं ६०००७. ५ एप्रिल १९४१ ला, नोकरीत असतानाच, ग्रेस्ली वारले.

तेव्हा युद्ध चालू होतं. कारखान्यात माणसं कमी, गाड्या लांबलचक, दुरुस्ती पुढे ढकललेली. लिव्हरचे सांधे झिजले आणि मधली बेअरिंगं वारंवार तापू लागली. त्यांच्या जागी आलेल्या एडवर्ड थॉम्पसन यांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. निकाल विरोधात गेला आणि नव्या डिझाइनमधून ही लिव्हरची जोडणी काढली गेली. मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. जे यंत्र फक्त उत्तम देखभालीत नीट चालतं, ते वाईट दिवसांत दगा देणारच.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९५१ मध्ये के. जे. कुक हे इंजिनिअर डॉनकॅस्टरला आले. कुठून? ग्रेट वेस्टर्नच्या स्विंडन कारखान्यातून! त्यांनी सांगाडा आणि चाकं दुर्बिणीच्या साधनांनी अचूक जुळवायची पद्धत आणली. मधल्या बेअरिंगची रचनाही स्विंडनच्या धर्तीवर बदलली. लिव्हर तेच राहिले, तक्रारी मात्र खूप कमी झाल्या. २३ मे १९५९ ला रेल्वेप्रेमींची एक सहल घेऊन निघालेल्या ६०००७ ने, ड्रायव्हर बिल हूल यांच्या हाताखाली, ताशी १८० किलोमीटर गाठले. युद्धानंतर ब्रिटनमध्ये कुठल्याच वाफेच्या इंजिनाने यापेक्षा जास्त वेग नोंदवला नाही.

१९६६ मध्ये हे इंजिन सेवेतून निघालं. भंगारात जायच्या आधी रेल्वेप्रेमींनी ते विकत घेतलं. अलीकडची मोठी दुरुस्ती २०१५ ते २०२२ अशी सात वर्षं चालली. आता मुख्य मार्गावर त्याला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात २०१६ पासून ग्रेस्लींचा पुतळाही उभा आहे. पायाशी एक बदक ठेवायचं ठरलं होतं, कारण त्यांना बदकं पाळायची आवड होती आणि मॅलार्ड हे बदकाच्याच एका जातीचं नाव. नातवंडांना ते आवडलं नाही, म्हणून बदक वगळलं.

आता एक करून बघा. ६०००७ स्टेशनातून सुटतानाचा व्हिडिओ लावा, हेडफोन घाला आणि डोळे मिटून धुराड्याचा आवाज ऐका. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा भकभकतं. हे सहा वेळा भकभकतं. सहाही ठोके सारखे पडत असतील तर लिव्हर नीट जुळलेले आहेत. एखादा ठोका पुढे-मागे होत असेल, तर ग्रेस्लींचं ते जुनं दुखणं तुम्ही कानांनी पकडलंत.