शापूरजी सकलातवाला

शापूरजी दोराबजी सकलातवाला (२८ मार्च, १८७४ - १६ जानेवारी, १९३६) हे भारतीय वंशाचे ब्रिटिश साम्यवादी राजकारणी होते. लंडनच्या बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातून ते दोनदा हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. दादाभाई नौरोजी (उदारमतवादी पक्ष) व मंचेरजी भावनगरी (हुजूर पक्ष) यांच्यानंतर या सभागृहात पोहोचलेले ते तिसरे भारतीय होत. हे तिघेही मुंबईशी संबंधित पारशी होते.

सुरुवातीचे जीवन

सकलातवाला यांचा जन्म मुंबईत झाला. त्यांच्या आई जेरबाई या उद्योगपती जमशेटजी टाटा यांच्या भगिनी होत्या. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर ते टाटांच्या व्यवसायात दाखल झाले. पोलाद कारखान्याच्या पूर्वतयारीसाठी लोहखनिज, कोळसा व चुनखडी यांचा शोध घेत त्यांनी बिहार-ओरिसाच्या जंगलांत काही वर्षे काढली. मुंबईतील प्लेगच्या साथीत त्यांनी मदतकार्य केले. गरिबांचे हाल त्यांनी या काळात जवळून पाहिले.

मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे १९०५ साली ते इंग्लंडला गेले. डर्बीशायरमधील मॅटलॉक येथे उपचार घेत असताना तेथे काम करणाऱ्या सॅली मार्श यांच्याशी त्यांची ओळख झाली. १९०७ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली.

राजकीय वाटचाल

आरंभी उदारमतवादी वर्तुळात वावरणारे सकलातवाला १९०९ साली इंडिपेंडंट लेबर पार्टीचे सदस्य झाले. भारतीय मजुरांचे वेतन अत्यल्प राहिले, तर ब्रिटिश मजुरांचेही वेतन त्याच दबावाने खाली येईल, असे ते मानत. म्हणून भारतीय कामगारांचा लढा हा ब्रिटिश कामगारांचाही लढा आहे, असा त्यांचा आग्रह होता. या भूमिकेतून त्यांनी वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया या संघटनेत प्रमुख भाग घेतला. रशियन राज्यक्रांतीच्या प्रभावामुळे १९२१ मध्ये ते ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षात गेले. टाटांच्या लंडन कार्यालयातील नोकरी मात्र त्यांनी १९२५ पर्यंत सुरू ठेवली. भांडवलदार घराण्याचा भाचा आणि साम्यवादी प्रचारक या दोन भूमिका ते इतकी वर्षे एकाच वेळी निभावत होते.

संसद सदस्य

१९२२ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर ते विजयी झाले. बॅटरसीचे माजी कृष्णवर्णीय महापौर जॉन आर्चर हे त्यांचे निवडणूक प्रतिनिधी होते. १९२३ मध्ये ते केवळ १८६ मतांनी पराभूत झाले. परंतु १९२४ मध्ये कम्युनिस्ट उमेदवार म्हणून पुन्हा निवडून आले. त्या संसदेत ते आपल्या पक्षाचे एकमेव सदस्य होते. भारताचे स्वातंत्र्य, आयर्लंडचा प्रश्न आणि बेकारी हे त्यांच्या भाषणांचे मुख्य विषय असत.

१९२५ मध्ये आंतरसंसदीय परिषदेसाठी निघाले असता अमेरिकेने त्यांचा व्हिसा रद्द केला. १ मे, १९२६ रोजी हाइड पार्कमधील भाषणात त्यांनी सैनिकांना कामगारांवर गोळीबार न करण्याचे आवाहन केले. त्यावरून त्यांच्यावर खटला झाला. जामीनकीची अट नाकारल्यामुळे त्यांना दोन महिन्यांचा कारावास भोगावा लागला.

भारत दौरा

१९२७ च्या प्रारंभी त्यांनी भारताचा दौरा केला. महात्मा गांधींशी झालेल्या जाहीर पत्रव्यवहारात त्यांनी चरखा व खादीच्या कार्यक्रमावर टीका केली आणि कामगार-शेतकऱ्यांच्या संघटना उभारण्याचा आग्रह धरला. गांधींनी यंग इंडियातून त्यांना उत्तर दिले. दौऱ्यानंतर ब्रिटिश सरकारने त्यांना भारतप्रवेश बंद केला. जन्मभूमीत ते पुन्हा येऊ शकले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी लंडनमध्ये मुलांचा नवजोत विधी केला. याबद्दल पक्षाने त्यांच्यावर जाहीर टीका केली. तरीही त्यांनी पक्ष सोडला नाही.

अखेरची वर्षे

तोवर मजूर पक्ष व कम्युनिस्ट पक्ष यांच्यात पूर्ण दुरावा आला होता. १९२९ मध्ये मजूर पक्षाच्या स्टीफन सँडर्स यांनी सकलातवालांचा पराभव केला. या वेळी जॉन आर्चर सँडर्स यांचे प्रतिनिधी होते. पुढील निवडणुकांतही सकलातवाला यांना यश आले नाही. मीरत कट खटल्यातील आरोपींच्या बाजूने मात्र त्यांनी ब्रिटनमध्ये प्रचार केला.

१९३६ मध्ये लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत ठेवण्यात आल्या. स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला सकलातवाला बटालियन हे नाव देण्यात आले होते.