श्वासाला माप देणारे जॉन हचिन्सन

दमा किंवा फुफ्फुसाच्या जुनाट विकाराची शंका आली की, डॉक्टर रुग्णाला खोल श्वास घेऊन तो एका नळीत जोराने सोडायला सांगतात. स्पायरोमेट्री या नावाने परिचित असलेल्या या चाचणीचा पाया १९ व्या शतकातील ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन हचिन्सन यांनी घातला.

हचिन्सन यांचा जन्म १८११ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. क्षयरोगाने त्या काळी ब्रिटनमध्ये थैमान घातले होते. छातीचे आवाज ऐकण्यासाठी स्टेथोस्कोप उपलब्ध होता. मात्र क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अर्धे शतक बाकी होते. साहजिकच रोगाचे निदान होईपर्यंत अनेकदा उशीर झालेला असे. आयुर्विमा कंपनीसाठी वैद्यकीय काम करणाऱ्या हचिन्सन यांना हा प्रश्न विशेष महत्त्वाचा वाटला.

त्यांनी तयार केलेले उपकरण साधे होते. पाण्यात उपडे ठेवलेले भांडे वजनांच्या साह्याने तोलून धरलेले असे. नळीतून सोडलेल्या श्वासाने भांडे वर उचलले जाई आणि शेजारच्या पट्टीवर हवेचे घनफळ वाचता येई. संपूर्ण श्वास घेतल्यानंतर जास्तीत जास्त जेवढी हवा बाहेर टाकता येते, तिला त्यांनी ‘व्हायटल कपॅसिटी’ असे नाव दिले. या मापाचा संबंध थेट माणसाच्या जीवनशक्तीशी आहे, अशी त्यांची धारणा होती.

खलाशी, पोलीस, अग्निशामक जवान, सैनिक, कारागीर, मुष्टियोद्धे आणि गरीब निराश्रित अशा २ हजार १३० व्यक्तींची त्यांनी तपासणी केली. त्यांचे निष्कर्ष १८४६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच ते सहा फूट उंचीच्या व्यक्तींमध्ये दर इंचामागे ही क्षमता सुमारे ८ घनइंचांनी, म्हणजेच साधारण १३० मिलीलिटरने वाढते आणि वाढत्या वयाबरोबर ती घटते, असे त्यांना आढळले. त्यामुळे निरोगी माणसाचे अपेक्षित माप सांगता येऊ लागले आणि त्यातील घट हा रोगाचा इशारा ठरू लागला. १८४२ मध्ये त्यांनी तपासलेल्या एका धिप्पाड अमेरिकी मुष्टियोद्ध्याची क्षमता दोन वर्षांनंतर बरीच कमी झालेली आढळली. पुढे क्षयरोगाने त्याचा मृत्यू झाला.

लंडनमधील क्षयरोग्यांच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातही हचिन्सन यांनी सेवा बजावली. मात्र १८५२ मध्ये, कारकीर्द बहरात असताना, पत्नी आणि मुलांना मागे ठेवून ते ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाच्या सुवर्णक्षेत्राकडे रवाना झाले. तेथून ते फिजी बेटांवर गेले आणि १८६१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचे खरे मोल पुढच्या शतकात उमगले. १९४७ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी श्वासाच्या मापाला वेळेची जोड दिली. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे पाहून श्वासनलिकांमधील अडथळा ओळखणे त्यामुळे शक्य झाले. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे दीर्घकाळ चाललेल्या पाहणीचे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही हचिन्सन यांच्या मूळ धारणेला पुष्टी देणारे ठरले. श्वासाची क्षमता कमी असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका अधिक असल्याचे त्यात दिसून आले.

विम्याच्या हिशोबासाठी सुरू झालेले हे मोजमाप आज जगभरातील रुग्णांच्या उपचारांची दिशा ठरवत आहे.